माळवद ठेवलं, बोजा उतरवला: नान्नजकडच्या एका जुन्या घराचं प्रकरण

सोलापुरातून बार्शी रोडला लागलं की नान्नजच्या आसपास एक गाव आहे, नाव देत नाही कारण घरातल्यांनी तशी विनंती केलीय. तिथल्या गावठाणातलं एक जुनं माळवदाचं, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताचं घर आता सुट्टीत राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी चालू झालंय. मी सोलापुरात सिव्हिलची कामं करतो आणि या घराचं काम सुरुवातीपासून माझ्या डोळ्यासमोर झालं. आपल्या भागात अशी घरं अजून बरीच आहेत आणि प्रत्येक घरात तोच वाद चालू असतो, पाडायचं की ठेवायचं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

घर असं की रस्त्याकडून मोठा दरवाजा, आत ढाळज म्हणजे दरवाज्यालगतची बैठकीची जागा, मग चौक, चौकाच्या दोन बाजूंना ओसरी, समोर माजघर, त्याला लागून भिंतीतच बांधलेली दोन बळदं ज्यात पूर्वी वर्षाची ज्वारी राहायची, आणि मागं परसात आड आणि पडका गोठा. भिंती दगड-मातीच्या, अडीच ते तीन फूट जाड. राहणाऱ्या फक्त काकू, म्हणजे माझ्या मित्राच्या आई. मित्र पुण्यात नोकरीला, एक काका हैदराबादला, धाकटे काका सोलापुरातच, आत्या अक्कलकोटला दिलेल्या. दर पावसाळ्यात माळवद गळायचं, काकू पातेली मांडून बसायच्या आणि दिवाळीला सगळे जमले की विषय निघायचा. धाकट्या काकांचं म्हणणं सरळ होतं, हे पाडा, चार खोल्यांचा स्लॅब टाका, गेस्टना एसी रूम द्या. मित्राला घर तसंच ठेवून भाड्यानं द्यायचं होतं. काकू एवढंच म्हणायच्या, "काय करायचं ते करा रे, पण मी हयात आहे तोवर चौक बुजवू नका."

पाहुणे येणार का हा प्रश्न सगळ्यात आधी होता आणि त्याचं उत्तर तसं सोपं निघालं. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या थोडं पुढं, २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत पण आहे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर करणारी माणसं सोलापुरात लॉजवर राहतात, त्यातल्या काहींना गावात राहायला नक्की आवडेल. शिवाय डिसेंबर-जानेवारीत हुरडा, आणि जवळच नान्नजचं माळढोक अभयारण्य, १९७९ चं. इथं एक गोष्ट मी पहिल्याच मीटिंगला सांगितली की जाहिरातीत माळढोक दिसेल असं लिहायचं नाही. पक्षी इतका कमी उरलाय की त्याच्या नावावर बुकिंग घेणं म्हणजे पाहुण्याला फसवणं. काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा दिसतो, गवताळ माळ पहाटे बघण्यासारखा असतो, तेवढं खरंखरं लिहा की, पुरेसं आहे.

आता मुख्य मुद्दा, छत. धाकट्या काकांनी एक ठेकेदार आणला होता, त्याचा प्लॅन म्हणजे माळवद काढायचं, आहे त्याच भिंतींवर स्लॅब टाकायचा, भिंतींना सिमेंट प्लॅस्टर, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, बळदं फोडून तिथं अटॅच बाथरूम. ऐकायला स्वस्त आणि झटपट. पण माळवदाच्या घरात छताचं बहुतेक वजन भिंतीवर नसतं, ते लाकडी सांगाड्यावर असतं. खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलच म्हणजे बारीक लाकडांचा थर, त्यावर पालापाचोळा आणि मग माती. भिंत फक्त आडोसा करते. त्या भिंतीत मातीशिवाय दुसरं काही बाइंडिंग नाही, आणि तिच्यावर आरसीसी स्लॅब ठेवायचा म्हणजे जे काम तिनं कधी केलंच नाही ते म्हातारपणी तिच्या गळ्यात मारायचं. हे मला अजिबात मान्य नव्हतं आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

पण माळवद जसंच्या तसं ठेवायलाही माझा तेवढाच विरोध होता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. जवळपास दहा हजार माणसं गेली आणि त्यातली बहुतेक अशाच घरांखाली, जाड दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचं ओझं. सोलापुरात पण तो धक्का सगळ्यांना जाणवला होता. काकूंच्या सासूबाई त्यानंतर कित्येक वर्षं माजघरात झोपल्या नाहीत, अंगणात बाज टाकून झोपायच्या, थंडीत सुद्धा. आपल्याकडं माळवद म्हटलं की साठीच्या पुढची माणसं अजून दचकतात ती उगीच नाही. अशा घरात आपण अनोळखी माणसांना पैसे घेऊन झोपवणार असू तर जुनं आहे, छान दिसतं, एवढ्यावर भागत नाही.

किल्लारीनंतर जे शिकायला मिळालं ते सगळं लिहून ठेवलेलं आहे, लोक वाचत नाहीत एवढंच. माणसं दगावण्याचं पहिलं कारण छताचं वजन. माळवद गळायला लागलं की पावसाळ्याआधी वर नवी पांढरी माती टाकायची, बडवायची, झालं काम. जुनी माती खाली काढायची कुणी तसदी घेत नाही. आपल्या घरात एका कोपऱ्यात कापून बघितलं तर जवळजवळ दोन फूट माती निघाली, थर अगदी भाकरीच्या चळतीसारखे एकावर एक, मधेच कुठंतरी काळपट पट्टा, मधेच जुन्या पाल्याचा भुगा. हिशोब करून बघा, एक चौरस फुटावर एक फूट माती म्हणजे ४५ ते ५० किलो. दोन फुटाला शंभर किलोच्या घरात. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ-दहा टन, आणि त्याखाली आपण गादी घालून झोपतोय. हा आकडा मी ओसरीवर बसून वहीत मांडून दाखवला तेव्हा हैदराबादचे काका जे तोवर फोनमध्ये बघत होते ते उठून वर बघायला लागले.

ठरलं असं की माती आठ इंचावर आणायची. त्यासाठी गवंडी शोधायला वेळ लागला कारण माळवदाचं काम येणारी माणसं आता फार राहिली नाहीत. शेवटी वैरागकडचे एक मामा मिळाले, सत्तरीच्या घरातले. त्यांनी पहिल्या दिवशी मातीला हातच लावला नाही, नुसती हातोडी घेऊन एकेक खांब आणि तुळई ठोकत फिरले. मला म्हणाले, "सायेब, आवाज भरीव येतोय तोवर लाकडाची काळजी न्हाई. ह्यो बगा, ह्यो पोकळ बोलतोय." ती माजघराच्या मागच्या भिंतीत गेलेली तुळई होती, वरून धडधाकट, पण भिंतीत टेकलेलं टोक वाळवीनं पोखरलेलं. त्या एका टोकावर किती टन उभे होते याचा विचार केला की अंगावर काटा येतो. तिला खालून नवा खांब दिला, कुजलेलं टोक कापून जोड दिला. बाकी लाकूड, सागवान आणि बाभूळ मिळून, बऱ्यापैकी शाबूत निघालं.

माती उतरवायची पण एक पद्धत असते. एका बाजूनं सगळी काढत गेलं तर सांगाडा एकीकडं कलतो, म्हणून चारी बाजूंनी थोडी थोडी, आणि खालून टेकू देऊन. उतरवलेली माती चाळून त्यातलीच चांगली परत वापरली. किलच बदलली, वर जाड प्लॅस्टिक शीट अंथरली, मग माती, वरच्या थराला थोडा चुना मिसळून बडवून घेतलं आणि पन्हाळीकडं, म्हणजे छताचं पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीकडं, नीट उतार दिला. गळती आधी यायची ती बहुतेक पन्हाळीच्या तोंडाशीच, तिथं पाणी तुंबायचं. आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरात, परतीचा, एका रात्रीत धो धो येणारा, त्यामुळं उतार आणि पन्हाळ चुकली तर बाकी कितीही खर्च करा, उपयोग नाही. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरपे लाकडी आधार बसवले, कारण भूकंपात सांगाडा आडवा हलतो आणि जुन्या जोडाला ते झेपत नाही.

भिंतीचं दुखणं वेगळं. या जाड भिंती बाहेरून एक दिसतात पण असतात दोन, बाहेरची एक फळी, आतली एक, आणि मधे दगडगोट्यांची भरती. दोन्हीला जोडणारा आरपार दगड क्वचितच असतो. मग पाणी मुरलं की मधली भरती खाली बसते, भिंत पोट काढते आणि हादरा आला की दोन फळ्या दोन बाजूंना पडतात. इलाज म्हणजे दर दोन फूट उंचीला आणि साधारण चार-चार फुटांवर भिंतीत आरपार भोक काढायचं, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. हे काम कंटाळवाणं आहे, भोक काढताना दगड हलू नयेत म्हणून पहार हळूहळू चालवावी लागते, आणि झाल्यावर कुणाला काही दिसत पण नाही. धाकटे काका एकदा वैतागून म्हणाले, "एवढे पैसे घातले, दाखवायला काय आहे?" तर दाखवायला काहीच नाही हे खरंच आहे. या घराच्या एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा अशाच ठिकाणी गेलाय जिथं पाहुण्याची नजर जाणार नाही, माती उतरवणं, भिंती शिवणं, ड्रेनेज, वायरिंग. आणि जे नजरेला दिसतं त्याला आम्ही जवळजवळ हात लावला नाही. माझं ठाम मत आहे की जुन्या घराच्या कामात पैशाची वाटणी अशीच पाहिजे, लोक नेमकं उलटं करतात, रंगरंगोटी, लाइटिंग, पितळी भांडी मांडून ठेवतात आणि वर दहा टन माती तशीच.

सिमेंट प्लॅस्टर कुठंच केलं नाही. मातीच्या भिंतीला ओल बाहेर सोडावी लागते, सिमेंटनं तोंड बंद केलं की ओल आत कोंडते आणि दोन-चार वर्षांत प्लॅस्टर फुगून पापुद्रे निघतात. आतून चुना, ओसरी आणि चौकात शहाबादी फरशी होती तीच धुऊन घासून परत बसवली, माजघरात मात्र काकूंनी जमीन सारवायचीच ठेवली.

माजघराला एक साणं आहे, माळवदाला उजेडासाठी आणि धूर जायला ठेवलेलं भोक. गळतं म्हणून त्यावर बरीच वर्षं फरशीचा तुकडा झाकलेला होता आणि माजघर दिवसा सुद्धा अंधारं असायचं. ते उघडलं, भोवती सहा इंच उंच कठडा केला म्हणजे छतावरचं पाणी आत येणार नाही, वर जाड काच थोडी उचलून बसवली, खालच्या फटीतून गरम हवा जाते आणि फटीला जाळी आहे म्हणून पाल-विंचू येत नाही. आता सकाळी दहाच्या सुमारास उन्हाची चौकोनी चकती देवळीपाशी असते आणि दुपारपर्यंत सरकत जात्याशी येते. काकू पूर्वी त्यावरूनच वेळ ओळखायच्या असं त्या सांगतात. येणारी लहान मुलं खडूनं त्या चकतीच्या कडेला रेघा मारत बसतात.

संडास-बाथरूमवर जेवढं भांडण झालं तेवढं कशावरच झालं नाही. शहरातल्या माणसाला अटॅच पाहिजे. अटॅच करायचं तर बळद फोडावं लागणार किंवा माजघराच्या भिंतीत पाइप घालावे लागणार, आणि मातीच्या भिंतीत पाण्याचा पाइप एकदा गळला की भिंत गेलीच समजा. म्हणून ओल्या जागा सगळ्या मुख्य घराबाहेर, पडक्या गोठ्याच्या जागी नवीन बांधकाम करून तिथं. ते मात्र सरळ विटा-सिमेंटचं, जुनं दिसायचा आव आणला नाही. ओसरीपासून तिथपर्यंत पत्र्याची पडवी, पायाजवळ दिवे, कारण रात्री परसात घोणस निघू शकते हे पाहुण्याला सांगायला लाजायचं कारण नाही. ढाळजेच्या मागं थोडी मोकळी जागा होती तिथं एक अटॅच केलं आणि ती खोली म्हातारी माणसं असतील तर त्यांना. बळदं वाचली, एकात आता अंथरुणं असतात. सेप्टिक टँक आडापासून पन्नास फुटांच्या पलीकडं नेला, त्यासाठी परसाची कड सोडून जावं लागलं तरी. जुन्या जागेत लोक सोयीचं बघतात आणि आडाचं पाणी घालवून बसतात.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागला. एप्रिल-मेत इथं पारा ४२-४३ ला जातो. दुपारी माजघर थंड असतं, जाड भिंत आणि मातीच्या छताची ही खरी कमाई, स्लॅबच्या घरात याच वेळी पंखा गरम हवा फेकत असतो. पण रात्री भिंती दिवसभरचं ऊन परत सोडायला लागतात, म्हणून तर आपली माणसं उन्हाळ्यात माळवदावर झोपायची. ते आम्ही पाहुण्यांसाठी ठेवलं, फक्त कठडा साडेतीन फूट केला आणि भिंतीतल्या अरुंद जिन्याला दोरखंड धरायला लावला. वर गाद्या आणि सोलापुरी चादरी, आणि गावापासून थोडं लांब असल्यामुळं आभाळ काळंभोर मिळतं. एसी घेतला नाही. पाणी मात्र आडाला मार्चनंतर तळाला जातं आणि गावाच्या नळाचा भरवसा नाही, सोलापूर शहरातच नळाला काही दिवसांआड पाणी येतं मग गावाचं काय. गाव टँकरची वाट बघतंय आणि आपले पाहुणे शॉवरखाली उभे, हे काकूंना पटेना आणि मला पण. म्हणून शॉवर लावलेच नाहीत, बादली आणि तांब्या, आणि एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत बुकिंग बंद. उत्पन्न बुडतं म्हणून मित्र नाराज होता पण काकू हलल्या नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. तो आजोबांच्या नावावरच होता, म्हणजे हिस्सेदार सगळे, आत्या धरून. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आत्यांना विचारायला मित्र स्वतः अक्कलकोटला गेला. त्यांनी सही दिली, अट एकच घातली की गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला, आणि दिवाळीला घर माहेरच्यांसाठी रिकामं राहील, पाहुण्यांना द्यायचं नाही. मला वाटतं सगळ्या व्यवहारातली ही सगळ्यात शहाणी अट होती, कारण नाहीतर घर पाहुण्यांचं होतं आणि घरच्यांना यायला जागा राहत नाही. मग साधा करारनामा केला, खर्च मित्राचा, उत्पन्नातला ठराविक वाटा तिघांना, काकूंचं मानधन वेगळं. पुढं पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी, ग्रामपंचायतीची ना हरकत, जेवण द्यायचं म्हणून अन्न परवान्याची नोंदणी. शेतातली हुरड्याची सोय मोठी करायची असेल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्याचा अर्ज अजून केलेला नाही.

जेवणाचं पहिल्याच हंगामात बिनसायला लागलं होतं. पाहुणे घरगुती म्हणून येतात आणि मग रात्री अकराला चहा मागतात, काकू उठून करून देतात, कारण दारात आलेल्याला नाही म्हणायचं त्यांना माहीतच नाही. हुरड्याच्या दिवसात तर शेतावर आगटी पेटलेली, गूळभेंडी ज्वारीची कणसं भाजून हातावर चोळून द्यायला दोन माणसं, शेंगाचटणी, दही, गूळ, वर दुपारी पिठलं-भाकरी, आणि हे सगळं एका साठीच्या बाईनं बघायचं. जानेवारीत त्या तापानं पडल्या. तेव्हा मित्रानं शेजारच्या बचत गटाच्या बायकांशी बोलून ताटामागं दर ठरवला, स्वयंपाक त्यांच्याकडं, वेळा ठरलेल्या, मेनू एकच आणि तो आधी सांगायचा. मांसाहार आणि दारू नाही हे बुकिंगच्या वेळीच स्पष्ट. काकू आता फक्त सकाळी ओसरीवर पाहुण्यांशी बोलत बसतात, वाटलं तर. वाटलं नाही तर नाही, हे पण ठरवून घेतलंय.

तक्रारी येतात. बाथरूम लांब आहे ही सगळ्यात जास्त. नेटवर्क माजघरात मिळत नाही, तीन फूट भिंतीतून कसं मिळणार. एका कुटुंबानं ढाळजेच्या दरवाजात कपाळ आपटून घेतलं, आता तिथं वाकून या अशी पाटी आहे. जे नुसता फोटो बघून येतात ते एक रात्र राहून जातात. जे दोन-तीन दिवस राहतात ते पहाटे माळावर जातात, एखादा दिवस हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर जाऊन येतात, तिथलं ३५९ मुखांचं शिवलिंग आणि शके ९४० चा मराठी शिलालेख बघतात, आणि बाकी वेळ ओसरीवर पडून असतात. अशी माणसं परत येतात आणि घराचा खर्च त्यांच्यावरच निघतो, मेंटेनन्सचा तरी. गुंतवणूक निघायला वेळ लागेल, हे मी मित्राला आधीच सांगितलं होतं.

धाकटे काका सुरुवातीला कामावर यायचेच नाहीत. मागच्या सप्टेंबरात एका रात्री जोरात पाऊस झाला तेव्हा ते स्वतःहून सोलापुरातून गाडी काढून गेले, टॉर्च घेऊन खोलीखोलीत फिरून छत बघितलं आणि सकाळी मला फोन केला, फक्त पश्चिमेच्या ओसरीच्या कोपऱ्यात थोडी ओल आहे, बाकी कोरडं. तो कोपरा अजून झालेला नाही. तिथली भिंत थोडी पोट काढून आहे आणि तिला आरपार सळया घालायचं काम बजेटमुळं राहिलं होतं. गवंडी मामांना फेब्रुवारीनंतर सवड आहे, खडी आणि सळई धाकट्या काकांनी सांगून ठेवलीय, आणि तोवर त्या बाजूच्या खोलीला कुलूप आहे, कितीही गर्दी असली तरी ती द्यायची नाही असं काकूंना सांगून ठेवलंय.